मंगळवारचा दुसरा तास

इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या शाळेतल्या माझ्या तिसऱ्या दिवशी भूगोलाच्या बाईंनी मला प्रश्न विचारला आणि मी उत्तर द्यायला उभी राहिले. पुण्याच्या माझ्या इंग्रजी शाळेत तीच पद्धत होती. नाव घेतलं की उठायचं, हात मागे बांधायचे, उत्तर द्यायचं आणि ‘थँक यू, मिस’ म्हणून बसायचं. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. इथे मात्र खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि सगळा वर्ग माझ्याकडे वळला. बाई चांगल्या होत्या. हळूच म्हणाल्या, “बसून सांगितलंस तरी चालेल, हं.” मी बसले आणि उत्तर विसरले.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात शिरले तेव्हा दोन मुली उठून उभ्या राहिल्या. हात मागे बांधून एका सुरात म्हणाल्या, “गुड मॉर्निंग, मिस.” सगळे हसले. त्यात वाईट हेतू नव्हता, आठवडाभरात त्या दोघी हे विसरूनही गेल्या. मी विसरले नाही. तेव्हा मी चौदा वर्षांची होते. पुढची दोन वर्षं मी वर्गात आपणहून एक शब्द बोलले नाही. पेपर छान लिहायचे, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. पालकसभेत प्रत्येक शिक्षक एकच वाक्य म्हणायचे, “खूप हुशार आहे, जरा शांत आहे.” बाबा मान डोलवायचे. आई माझ्याकडे बघायची.

ही आठवण खरं तर आईची आहे.

आमच्या घरात तिघांपैकी माझं इंग्रजी सगळ्यात चांगलं. बाबा सॉफ्टवेअरमधले, ऑफिसच्या इंग्रजीत त्यांचं व्यवस्थित चालतं. आईचं सगळं शिक्षण मराठी शाळेत. इथे आल्यावर ती एका प्राथमिक शाळेत दुपारच्या जेवणाच्या वेळेत मुलांवर लक्ष ठेवायच्या कामाला लागली. तिच्या इंग्रजी बोलण्यातले ‘अ’ आणि ‘द’ कुठेही पडायचे, काळ एका वाक्यात दोनदा बदलायचा. तरी ती बोलायची. बस ड्रायव्हरशी, डॉक्टरांच्या रिसेप्शनिस्टशी, शेजारच्या आजोबांशी त्यांच्या गुलाबांबद्दल. समोरच्याला कळलं नाही, तर तेच वाक्य पुन्हा, अजून सावकाश म्हणायची. मी शेजारी उभी राहून मनातल्या मनात तिचं व्याकरण सुधारत असे. माझं इंग्रजी पक्कं होतं आणि मी गप्प होते.

इथे सोळाव्या वर्षी मोठी परीक्षा होते. त्यानंतर बरीच मुलं दोन वर्षं सिक्स्थ फॉर्म कॉलेजमध्ये जातात आणि तिथे बहुतेकांना तीनच विषय घ्यायचे असतात. फक्त तीन. बाबांना हे पटायलाच महिना लागला.

“तीन म्हणजे ग्रुपचे तीन, आणि बाकीचे?”

“बाकीचे नाहीत, बाबा.”

“इंग्लिश तरी कंपल्सरी असेल.”

“नाही.”

“मग मुलं दिवसभर करतात काय?” ते खरोखर काळजीने म्हणाले आणि लॅपटॉप उघडून बसले. त्यांनी एक्सेलमध्ये पंधरा विषयांची शीट केली. स्कोप, मार्क मिळण्याची शक्यता, पुढे बदलता येईल का, आणि शेवटचा रकाना ‘बॅकअप’. सायन्सवरून आर्ट्सला जाता येतं, आर्ट्सवरून सायन्सला येता येत नाही, हे त्यांच्या डोक्यात घट्ट बसलेलं होतं. म्हणून मॅथ्स, फर्दर मॅथ्स म्हणजे त्याहून वरचं गणित, आणि फिजिक्स हिरव्या रंगात होते. हिस्ट्री फिक्कट राखाडी होती. लाल करणं त्यांना बरं वाटलं नसावं.

मला गणित यायचं. आवडतही होतं, आपल्या स्वच्छ वहीसारखं. पण मी फर्दर मॅथ्सलाही चटकन हो म्हटलं त्याचं कारण वेगळं होतं. गणिताच्या वर्गात कुणी तुम्हाला ‘तुला काय वाटतं?’ असं विचारत नाही. इतिहासाच्या वर्गात तेवढंच विचारतात. पुण्यात इतिहास म्हणजे पुस्तकातल्या ओळी पेन्सिलने अधोरेखित करून पाठ करणं. इथे आल्यावर पहिल्यांदा कळलं की त्या ओळींशी भांडताही येतं, आणि मला ते इतकं आवडलं होतं की धडा वाचताना मी बस स्टॉप चुकले होते. पण वाचणं वेगळं आणि वर्गात तोंड उघडणं वेगळं. तेव्हा बाबांची हिरवी शीट माझ्या सोयीची होती. कुणी विचारलं तर सांगता आलं असतं, घरून सायन्स घ्यायला लावलं.

नोव्हेंबरमध्ये कॉलेजची ओपन इव्हिनिंग होती. मोठ्या हॉलमध्ये प्रत्येक विषयाचं टेबल, त्यामागे शिक्षक आणि टेबलावर गोळ्यांचा वाडगा. बाबा शीटची प्रिंट घेऊन आले होते. आईने शाळेच्या ऑफिसमधून मिळालेली एक निळी वही आणली होती.

पहिलं टेबल मॅथ्सचं. बाबांनी स्कोप विचारला. शिक्षकांनी नीट सांगितला. ते थांबल्यावर आई पुढे झाली.

“एक्स्क्यूज मी. ऑर्डिनरी ट्यूजडे, सेकंड पीरियड. व्हॉट शी विल बी डूइंग?”

शिक्षकांना कळलं नाही. आईने पुन्हा, सावकाश विचारलं. मी कार्पेटकडे बघत होते. बाबा कुजबुजले, “अगं, असं काय विचारतेस? सिलॅबस वेबसाइटवर आहे.”

“सिलॅबस नाही विचारला मी,” आई मराठीत म्हणाली. “मंगळवारी काय करतात ते विचारलं.”

शिक्षक हसले आणि म्हणाले की मंगळवारी बहुधा ती गणितं सोडवत असेल. शांतपणे. अडली की शेजारच्याला विचारेल. आईने वहीत लिहून घेतलं.

तिने प्रत्येक टेबलावर हेच विचारलं. फिजिक्स, बायॉलॉजी, इकॉनॉमिक्स. जे विषय मी सात जन्मांत घेतले नसते तिथेही. टेक्स्टाइल्सच्या बाईंनी तिला दहा मिनिटं मशीनवर कापड कसं गोळा होतं ते सांगितलं आणि दोघी मैत्रिणी असल्यासारख्या हसल्या. मला वाटत होतं की हॉलमधला प्रत्येक माणूस आमच्याकडे बघतोय. कुणीच बघत नव्हतं. हे मला आज कळतं.

आई असं का विचारते हे मला माहीत होतं, कारण तिने ते एकदा भाजी निवडता निवडता सांगितलं होतं. बारावीला तिला केमिस्ट्रीत सगळ्यात जास्त मार्क पडले, म्हणून तिने केमिस्ट्री घेतली. मग एका रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये लागली. रोज सकाळी डब्यातला रंग ढवळायचा, किती घट्ट आहे ते मोजायचं, तक्त्यात भरायचं, भांडी धुवायची. सहा वर्षं. “वाईट काही नव्हतं गं,” ती म्हणाली होती. “पण रोजचा दिवस कसा असतो ते मला कुणी सांगितलं असतं, तर मी दुसरं काहीतरी घेतलं असतं.” दुसरं काय, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

हिस्ट्रीचं टेबल दाराजवळ होतं. तिथे पिकलेल्या केसांच्या एक बाई होत्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. बाबांना तिथे थांबायचं नव्हतं, पण आई थांबली. तोच प्रश्न. बाईंनी चष्मा लावला, आईकडे नीट पाहिलं आणि खरंच विचार केला.

“मंगळवारी,” त्या म्हणाल्या, “मी त्यांना दोन पत्रं देते. एकाच दिवसाबद्दल लिहिलेली, एकाच ठिकाणी. ती एकमेकांशी जुळत नाहीत. मग तास संपेपर्यंत सगळे वाद घालतात. पक्कं उत्तर घेऊन कुणीही बाहेर पडत नाही. मी सुद्धा नाही.”

आईने लिहून घेतलं. मी तिची बाही ओढली. “चल ना पुढे.”

“चल,” ती म्हणाली.

फॉर्म भरताना मी तीन हिरवे विषय भरले. राखीव म्हणून आणखी एक विषय लिहिता येत होता, तिथे बाबांनी केमिस्ट्री सुचवली आणि मी तीही लिहिली. आई ओट्यापाशी होती. तिने पाठमोरंच विचारलं, “नक्की ना?” मी म्हटलं, “हो. बाबांनाही बरं वाटेल.” पोळी लाटायचा आवाज क्षणभर थांबला आणि परत सुरू झाला.

परीक्षा झाल्यावर जुलैत कॉलेजने टेस्टर डे ठेवला. चार विषयांच्या वर्गात एकेक तास बसून बघायचं. मी केमिस्ट्रीऐवजी हिस्ट्रीवर खूण केली. घरी ते सांगितलं नाही. एक तास, कुणी ओळखीचं नाही, मागच्या बाकावर बसून ऐकायचं, एवढंच मनात होतं.

मागचे बाक नव्हतेच. टेबलं गोल मांडली होती. चष्म्याच्या दोरीवाल्या बाईंनी खरोखर दोन पत्रं वाटली. फार जुनी, गिरणीत काम करणाऱ्या दोन भावांची. गावात पूर आला त्या दिवसाबद्दल. एकाने मित्राला लिहिलं होतं की पाणी छातीपर्यंत चढलं, आम्ही दोघं तुळईला धरून दुपारभर लटकत होतो. दुसऱ्याने लिहिलं होतं की अंगणात थोडं पाणी आलं, मालकाने लवकर घरी सोडलं. खरं कोण सांगतंय?

बहुतेक मुलांना पहिला भाऊ खोटारडा वाटला. मित्रासमोर बढाया मारतोय, असं एक जण म्हणाला. बाई कुणालाच चूक म्हणत नव्हत्या, फक्त ‘कशावरून?’ एवढंच विचारत होत्या. मी दुसरं पत्र पुन्हा वाचलं. मग त्यांनी माझ्या शर्टावरच्या स्टिकरवरचं नाव वाचलं आणि विचारलं, “तुला काय वाटतं?”

मी उभी राहिले.

विचार करून नाही. दोन वर्षं मी ज्याला भीत होते तेच, तसंच, खुर्चीच्या आवाजासकट. हात मागे गेले. कुणीतरी खोकलं. माझे कान इतके तापले की मला बाईंचा आवाज नीट ऐकूही आला नाही. त्या ‘बस’ म्हणाल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या होत्या, “छान, उठलीच आहेस तर बोर्डापाशी ये. पत्र तिथे मोठं करून लावलंय. कुठली ओळ ते दाखव.”

मी गेले. जायला काम होतं म्हणून जाता आलं. मी दुसऱ्या पत्राच्या शेवटाकडच्या ओळीवर बोट ठेवलं. ‘माझे बूट आता वाळले आहेत.’ माझा आवाज अगदी बारीक निघाला. “अंगणात थोडंच पाणी आलं आणि लवकर घरी सोडलं, तर बूट वाळवायला का लागले?” मग मी पत्राच्या मायन्यावर बोट नेलं. “हे पत्र आईला लिहिलंय. तो खोटं बोलत नाहीये. आईला सगळं सांगत नाहीत ना, म्हणून.”

वर्ग हसला. पण ते हसणं वेगळं होतं. एक मुलगी म्हणाली, “अगदी खरं आहे.” बाईंनी चष्मा काढला, पत्राकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, “हे पत्र मी कितीतरी वर्षं वापरतेय. बुटांकडे मी इतकं लक्ष दिलं नव्हतं.” नंतर ज्याला काही म्हणायचं होतं त्या प्रत्येकाला त्यांनी बोर्डापाशी बोलावलं. तास संपेपर्यंत कुणी ना कुणी उभं होतंच. त्यांनी हे माझ्यासाठी केलं की नाही ते मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. मात्र त्यांच्याइतक्या सहज, काहीच न केल्यासारखं दाखवून, दुसऱ्याची लाज झाकणारं माणूस मी नंतरही फार पाहिलेलं नाही.

घरी आल्यावर आईने विचारलं, “कसा झाला दिवस?”

“ठीक,” मी म्हटलं.

ऑगस्टमध्ये निकाल लागला. बाबांनी सुट्टी घेतली होती. इथे टक्के नसतात, नऊपासून खाली आकडे असतात. मॅथ्स आणि फिजिक्समध्ये नऊ, हिस्ट्रीत सात. “सात म्हणजे साधारण सत्तर?” बाबा म्हणाले. मी म्हटलं तसं नसतं, पण त्यांचं गणित होऊन गेलं होतं.

त्याच दुपारी कॉलेजात एन्रोलमेंट होती. बाबांनी प्लॅस्टिकची फाइल आणली होती. त्यात माझ्या पुण्याच्या शाळेचा दाखला, त्याच्या तीन झेरॉक्स, जन्माचा दाखला, पासपोर्ट साइझचे आठ फोटो आणि पाचवीत मिळालेलं चित्रकलेचं प्रमाणपत्र. त्यांच्या दृष्टीने हा ॲडमिशनचा दिवस होता. आज जे लागेल ते कायमचं. एक कागद कमी पडला तर खिडकी बंद होते, हे त्यांनी स्वतः एकदा भोगलेलं होतं. रांगेत ते दर पाच मिनिटांनी फाइल उघडून सगळं आहे ना बघत होते. त्यांच्या पुढच्या मुलाकडे निकालाचा एक कागद होता, तोही चारदा घडी घातलेला.

बाबा पाणी आणायला गेले तेव्हा आई माझ्याकडे न बघता म्हणाली, “एक सांगू? घ्यायचं ते घे. पण बाबांच्या नावावर खपवू नकोस.”

“म्हणजे?”

“त्या माणसाला तू म्हणालीस ना की मला भरतकाम शिकायचंय, तर तो भरतकामाचीसुद्धा शीट करेल. दोन दिवस तोंड पाडेल आणि मग करेल. तू त्याला विचारलंच नाहीस.”

बाबा पाण्याची बाटली घेऊन परत आले.

आमचा नंबर आला. टेबलामागे एक तरुण शिक्षक होते. त्यांनी स्क्रीनवर पाहिलं. “मॅथ्स, फर्दर मॅथ्स, फिजिक्स. निकाल उत्तम आहे.” बाबांनी फाइल पुढे केली. त्यांनी ती नम्रपणे बाजूला ठेवली आणि थेट मला विचारलं, “हेच हवंय ना तुला?”

“येस, येस, शी वाँट्स,” बाबा म्हणाले.

शिक्षक माझ्याकडेच बघत राहिले. मी मान हलवणार होते. तेवढ्यात आईने पर्समधून निळी वही काढली, एक पान उघडलं आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवलं. तिच्या गोल अक्षरात विषयांची नावं, आणि प्रत्येकापुढे मंगळवार. मॅथ्स: शांत. अडलं तर शेजारच्याला विचारायचं. त्याच्या खाली हिस्ट्री: दोन पत्रं देतात. जुळत नाहीत. घंटा होईपर्यंत भांडण. आणि त्यापुढे, वेगळ्या शाईने नाही, त्याच वेळी, त्याच ओळीत लिहिलेलं: पुढे चल म्हणाली. जाताना तीन वेळा मागे वळून पाहिलं.

म्हणजे नोव्हेंबरपासून तिला माहीत होतं. इतके महिने ती गप्प राहिली होती, आणि तिच्यासारख्या बोलक्या बाईला ते किती जड गेलं असेल हे मला त्या खुर्चीत बसल्याबसल्या कळलं.

मी उभी राहिले.

“प्लीज, बस ना,” शिक्षक गडबडून म्हणाले. त्यांना वाटलं मी निघाले.

“नो, नो,” आई म्हणाली. “लेट हर स्टँड.”

मी उभ्यानेच म्हटलं की मला फर्दर मॅथ्स नको, त्याऐवजी हिस्ट्री हवी. मॅथ्स, फिजिक्स, हिस्ट्री. एवढंच बोलले. मग बाबांकडे वळून मराठीत म्हटलं, “बाबा, मला हे आधी सांगायला हवं होतं.”

बाबांनी वही आपल्याकडे ओढली आणि ते पान वाचलं. मग त्यांनी शिक्षकांना विचारलं, जमलं नाही तर काय. शिक्षक म्हणाले, पहिल्या काही आठवड्यांत जागा असेल तर विषय बदलून देतो. बरेच जण बदलतात.

“म्हणजे आजचं फायनल नाही?”

“नाही.”

“हे तुम्ही आधी वेबसाइटवर ठळक लिहायला पाहिजे,” बाबा म्हणाले, आणि फाइल उचलून मांडीवर ठेवली. आठ फोटोंपैकी एकही कुणी घेतला नाही. आई म्हणाली तसं त्यांनी दोन दिवस तोंड पाडलं. तिसऱ्या दिवशी शीटमध्ये हिस्ट्रीचा रंग बदलला होता. हिरवा नाही, पिवळा. ‘स्कोप’च्या रकान्यात लिहिलं होतं: माहिती घेणे.

पहिल्या टर्मच्या वेळापत्रकात मंगळवारी दुसऱ्या तासाला मॅथ्स आलं. आई त्यावर पुष्कळ हसली. हिस्ट्रीच्या वर्गात मी लगेच बोलकी झाले नाही. कित्येकदा उत्तर मनात तयार असायचं आणि तास संपायचा. पण त्या बाई कधीतरी म्हणायच्या, “बोर्डापाशी ये,” आणि मला जमायचं.

आता मी ग्लासगोला शिकते. इतिहासच. मंगळवारी संध्याकाळी आईचा फोन येतो आणि ती विचारते, आज दुसऱ्या तासाला काय केलंस. मी सांगते. त्या पत्राची गोष्टही मी तिला मागेच सांगितली आहे, त्यामुळे मी फार लवकर ‘सगळं ठीक’ म्हटलं, की ती पलीकडे जरा थांबते.

“बूट वाळले का?” ती विचारते.

मग मी पहिल्यापासून सांगायला लागते.